भातुकलीच्या ताटातलं जेवण

सर्जेराव शिंदे रश्श्याची बादली घेऊन पंगतीत उतरले की बायकासुद्धा बोलायच्या थांबायच्या. मी या पेठेत नवी नवरी म्हणून आले, तेव्हा पहिल्याच जेवणाला माझी त्यांच्याशी गाठ पडली. शेजारच्या घरातलं बारसं होतं. मी लाजून चार घास खाल्ले आणि पानावर दोन्ही हात आडवे धरले. समोर पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एका हातात बादली, दुसऱ्या हातात वगराळं. म्हणाले, "वैनी, हात काढा. न्हायतर हातावर घालीन. मी खोटं बोलत न्हाय." आणि हलेचनात. मागची पंगत खोळंबली, बायका हसायला लागल्या, शेवटी मी हात काढले. त्यांनी मोजकं अर्धं वगराळं वाढलं आणि पुढे गेले. मला तेवढंच हवं होतं, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

मंगळवार पेठेत आमची आणि त्यांची भिंत एक. ते उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. पण पेठेत त्यांना टर्नर म्हणून कुणी ओळखायचं नाही. लग्न असो, जावळ असो, गणपतीचं जेवण असो, स्वयंपाक बाबालाल मुल्लांनी करायचा आणि वाढायला सर्जेरावांनी उभं राहायचं, हे ठरलेलं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. बाबालाल चुलाण्यापुढं घाम पुसत बसलेले आणि सर्जेराव पंगतीतून ओरडतायत, "बाबालाल, तांबडा संपला रं!" हे ऐकल्याशिवाय आमच्या पेठेतलं कार्य पार पडलंय असं वाटायचं नाही.

वाढण्याचे त्यांचे कायदे होते. गडबडीत खाणाऱ्याला आधी पाणी द्यायचं. म्हाताऱ्याला रस्सा वरवरचा नाही, तळातला. आणि ज्याचं खरंच झालंय त्याला हात लावायचा नाही. ते म्हणायचे, "आग्रह तोंडाला करायचा, पोटाला न्हाय." आणखी एक कायदा होता आणि त्यावरून त्यांचं कधीकधी भांडणही व्हायचं. शेवटचा माणूस जेवत असला, मग तो कितीही रेंगाळो, त्याच्याजवळून उठायचं नाही. पत्रावळ्या गोळा करायला आलेल्या माणसांना ते हाकलून लावायचे आणि त्या एकट्या जेवणाऱ्यासमोर उकिडवे बसून गप्पा मारायचे. जेवणाऱ्याला एकटं सोडलं की अन्न उतरत नाही म्हणायचे. आमचे हे चिडवायचे, "सर्जेराव, तुमच्या नशिबात गरम जेवण न्हाय." खरंच नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर ते आणि बाबालाल चुलाण्याजवळ बसून भांड्याला लागलेलं खरवडून खायचे आणि त्यातच त्यांना सुख.

त्यांची एकुलती लेक शालन सहावी-सातवीत असतानाच तिची आई गेली. माणूस पोरीत जीव टाकून राहिला. मी आपली अधूनमधून भाजी द्यायची, वेणी घालायची, पण पोरगी शहाणी, बघता बघता सगळं घर तिनं अंगावर घेतलं.

मग कधीतरी सर्जेरावांचा घास अडकायला लागला; मी त्यांना भावजी म्हणायची. आधी भाकरीचा. त्यांनी भाकरी रश्श्यात कुस्करून खायला सुरुवात केली. मग भातही अडकायला लागला, मग भाताची पेज. कुणाला सांगितलं नाही. पंगतीत दुसऱ्याला वाढणारा माणूस स्वतः काय खातोय, हे बघायची सवय कुणाला असणार? एकदा आमच्या ओट्यावर चहा पिताना घोट मागे फिरला, तेव्हा आमच्या ह्यांनी दरडावून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मिरजेला घेऊन गेले. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पांढरं औषध पाजून फोटो काढले. अन्ननळीत गाठ होती. ती कसली, हे डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं, आणि ह्यांनी घरी येऊन मला कानात सांगितलं. त्या काळात तो शब्द मोठ्यानं कुणी उच्चारत नव्हतं.

ऑपरेशन झालं. त्यातून माणूस उठला, हेच नवल. पेठेत सांगितलं, अल्सर होता. खरं काय ते आम्हा दोघांना, शालनला आणि बाबालालना. कारणही तसंच होतं. आमच्याच गल्लीत एका बाईला तो आजार झाला होता आणि तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न पाहुण्यांनी मोडलं होतं. रक्तात असतंय म्हणाले, पोराबाळांत उतरतंय म्हणाले. ती मुलगी अजून बापाच्या घरात होती. भावजींनी आम्हा सगळ्यांना देवापुढे उभं करून शब्द घेतला की शालनचं होऊन ती सासरी नीट रुजेपर्यंत त्या आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही.

डॉक्टरांनी खराब नळी काढून टाकून पोटच वर ओढून छातीत बसवलं होतं. भावजी हे सगळं लेथवरचं काम सांगावं तसं सांगायचे. जॉब कापला, उरलेला तुकडा वर घेतला आणि जोडला. मग छातीवर हात ठेवून म्हणायचे, "वैनी, माझं पोट आता हितं हाय. हितंच गुडगुडतंय." हसायचे. पण त्या नव्या पोटात मावायचं किती? चार घास. पाचवा घातला की छातीवर कुणी पाय दिल्यासारखं व्हायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवून वाकायचं नाही, आडवं व्हायचं नाही, नाहीतर कडू पाणी घशाशी यायचं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या आणि पाठीशी गादीची वळकटी. बसल्याबसल्याच झोपायचे. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खायचं. भूक म्हणून लागायची नाही त्यांना. घड्याळाकडे बघून जेवायचे.

सगळ्यात वाईट गोड. गोड पोटात गेलं की अर्ध्या तासात घाम फुटायचा, छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, पोटात मुरडा. हे त्यांना कळलं ते दूधकट्ट्यावर. संध्याकाळी पेठेच्या कोपऱ्यावर गवळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास भरून देतात. भावजी आणि बाबालाल तिथले जुने गिऱ्हाईक. ऑपरेशननंतर अंगात ताकद यावी म्हणून भावजींनी तिथं साखर घालून एक ग्लास घेतला आणि घरी येईपर्यंत भिंत धरून चालायची पाळी आली. त्यानंतरही ते रोज कट्ट्यावर जायचे. ग्लास भरून घ्यायचे, फेस बसेपर्यंत हातात धरून उभे राहायचे, चार लोकांशी बोलायचे आणि मग तो ग्लास बाबालालच्या हातात द्यायचे. बाबालाल दोन्ही ग्लास प्यायचे. तब्येतीनं आधीच भरलेला माणूस, ऑपरेशननंतरच्या दोन वर्षांत आणखी सुटला.

शालननं आपली जुनी भातुकली काढली. पितळेची. त्यातलं तळहाताएवढं ताट आणि बोरासारख्या वाट्या. मोठ्या ताटात चार घास वाढले की ते ताटच खायला उठतंय, असं भावजी म्हणायचे. मग ती त्या ताटात वाढायला लागली. एवढासा भात, एवढंसं वरण, वाटीत बाबालालनी मसाला जवळजवळ न घालता पाठवलेला पांढरा रस्सा. ताट भरलेलं दिसायचं. भावजी समाधानानं भरल्या ताटावर बसायचे.

पण दार लावून. आमच्या गल्लीत दिवसा दार लावायची रीत नाही, कुणीही कुणाच्याही घरात डोकावतं. डोकावणारा म्हणायचा, "एवढंच? मग अंगाला काय लागंल?" आणि बळेच काहीतरी वाढायला निघायचा. कारखान्यात डबे उघडले की दोस्त मंडळी आपापल्या डब्यातलं त्यांच्या डब्यात घालायची. माणसं वाईट नव्हती हो. प्रेमच होतं ते, आणि त्या प्रेमाला कसं तोंड द्यायचं ते भावजींना कळेना. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याला आग्रह केला, तो आता आग्रहाला भिऊन पळत होता. बोलावणी यायची बंद झाली नव्हती, पण भावजी जायचे बंद झाले. वाढायला उभं राहायचं तर अंगात त्राण नाही, आणि बसायचं तर खायला लागणार. पेठेत पंगत असली की ते आतून दाराला कडी घालायचे. बाहेर लोकांचं हसणं, भांड्यांचा आवाज, आणि आत हा माणूस भातुकलीच्या ताटापुढे एकटा. मला भिंतीतून त्यांचं खोकणं ऐकू यायचं.

एकदा मी न राहवून विचारलं, भावजी, सगळ्यात जास्त कशाची आठवण येते, रश्श्याची?  म्हणाले, "रस्सा जाऊ दे वैनी. दोन्ही बाजूला माणसं असावीत आणि मधी आपलं पान असावं. एकदा तरी."

शालनचं हातकणंगल्याला जमलं. घर चांगलं, शेती बागायत, मुलगा साखर कारखान्यात. व्याही दत्ताजीराव म्हणजे मोठ्या आवाजाचा, मोकळ्या मनाचा माणूस. बोलायला लागला की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. भावजींच्या पाठीवर असा हात मारायचा की आम्ही दचकायचो.

लग्न पेठेतच मांडव घालून केलं. भावजींनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की ते वाढपात राहतील, म्हणजे बसायचा प्रश्न नाही. हातात नुसती मिठाची वाटी घेऊन ते व्याह्यांच्या पंगतीत फिरत होते, तोंडानं जुना आग्रह चालला होता, आणि फार दिवसांनी त्यांना तसं बघून मला बरं वाटत होतं. तेवढ्यात दत्ताजीराव पानावरून गरजले, "पावणं, तुमी बसल्याबिगार आमी घास घेत न्हाय." सगळे हात थांबले. भावजींनी हात जोडले, मी नंतर बसतो म्हणाले, पोरीकडच्यांनी आधी बसायचं नसतं म्हणाले. व्याही ऐकेनात. वाढलेली पानं निवत चालली, वऱ्हाडातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी भावजी बसले.

दत्ताजीरावांनी बुंदीचा अख्खा लाडू उचलून त्यांच्या तोंडाशी नेला. व्याह्यानं भरवलेला घास नाकारायचा कसा? भावजींनी खाल्ला. मग दुसरा. "जोडीनं घ्याचा असतोय व्याही, एकटा लाडू बरा न्हाय." तोही खाल्ला. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. बाबालाल चुलाण्यापासून उठून मांडवाच्या तोंडाशी आले होते. आमची नजरानजर झाली. आम्हा दोघांनाही माहीत होतं काय होणार ते, आणि दोघांनाही काही करता येत नव्हतं.

पाठवणीच्या तयारीला लागलो आणि भावजी मांडवाच्या खांबाला धडकले. सदरा घामानं चिंब, डोळे तारवटलेले, पाय लटपटत होते, जीभ जड. कडेला जाऊन ओकले. बाबालालनी काखेत हात घालून उचललं आणि आमच्या घरात आणून खुर्चीत ताठ बसवलं. मी वारा घालत होते, इतक्यात खिडकीबाहेर व्याह्यांचा कुणी भाऊबंद बोलला ते स्वच्छ ऐकू आलं. बापानं आजच्या दिवशीसुद्धा सोडली नाही म्हणे, पोरीच्या लग्नात झिंगलाय.

माझं डोकं फिरलं. या माणसानं उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. मी पंखा टाकून दाराकडे निघाले, आज एकेकाला सुनावतेच म्हटलं. मागून भावजींचा बारीक आवाज आला.

"वैनी, ऱ्हाऊ द्या. दारूडा तर दारूडा. दारूड्याची पोरगी नांदती. त्या रोगाच्या माणसाची नांदवत न्हाईत."

मी दारातच उभी राहिले. बाबालालनी तोंड फिरवलं. शालन शालूत तशीच आत आली, बापाच्या पायाशी बसली. तिनंही बाहेरचं ऐकलं होतं. ती काही बोलायला गेली तर भावजींनी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि नुसतं म्हणाले, "जा. गाडी थांबली." पोरीची पाठवणी बापाशिवाय झाली. रडायचं तेवढं मीच रडले.

मग ते खरोखरच एकटे झाले. सकाळ-संध्याकाळ मी काही ना काही द्यायची, पण दर अडीच तासांनी कोण जाणार? आपणच पेज ढवळायचे, आपणच त्या पितळेच्या ताटात वाढून घ्यायचे. भातुकली शालननं मुद्दाम बापासाठी ठेवली होती. लग्नातली बातमी पेठेतही फिरली. बंद दाराआड काय चालतंय याचा लोकांना एकदम उलगडा झाला. तरीच म्हणे माणूस वाळत चाललाय. तरीच पंगतीला येत नाही. कट्ट्यावरचे दोघे-तिघे आवाज टाकून बोलायला लागले. भावजी ऐकून न ऐकल्यासारखे करायचे, ग्लास हातात धरून उभे राहायचे. मला इतका राग यायचा म्हणून सांगू, पण शब्द दिलेला.

दिवाळीच्या सुमाराला दत्ताजीराव अचानक दारात. मी घाबरले, पोरीचं काही बिनसलं की काय. तर हा बाबा बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन आलेला. आत बसून मोठ्या मायेनं भावजींना सांगितलं, "व्याही, मी बी घेतो की कवाकवा. त्यात लाजायचं काय? चांगली घेत जावा, हातभट्टीची नगं." आणि बाटली पुढ्यात ठेवली. बोललेलं अर्थातच सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. भावजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आभार मानले. पाहुणा गेल्यावर आमच्या ओट्यावर येऊन ते एवढे हसले, एवढे हसले की खोकल्यानं कासावीस झाले. मला आधी हसू आलं आणि मग मेलं रडूच यायला लागलं. व्याही पिणारा निघाला तरी त्याला तोडायचं नाही, म्हणून तो माणूस आला होता. आणि भावजींना खरं सांगता येत नव्हतं. ती बाटली त्यांच्या फळीवर औषधांच्या बाटल्यांशेजारी शेवटपर्यंत सीलबंद होती. भावजी गेल्यावर आमच्या ह्यांनीच ती मोरीत ओतली.

शालनला मुलगा झाला. माहेरी बाळंतपण करायला बाई नाही म्हणून ते तिकडेच झालं आणि बारशाचं बोलावणं आलं. माहेरच्या वतीनं मी बाळंतविडा घेतला. आम्ही दोघं, बाबालाल आणि भावजी असे पॅसेंजरनं निघालो.  उचगाव मागं गेलं तसे भावजी गाडीत हळूच मला म्हणाले, पंगतीला बसायच्या वेळी मी कुठंतरी बाहेर फिरून येईन, तुम्ही सांभाळून घ्या. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पण दत्ताजीराव सोडतात होय! नातवाचं नाव ठेवून झालं तशी त्यांनी भावजींना हाताला धरूनच आणलं आणि पंगतीच्या मधोमध बसवलं. मी दारात उभी. आता पुन्हा लाडू, पुन्हा तेच. आणि व्याह्यांनी वाढप्यांना साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं बजावलं, "ह्येंच्या पानाकडं कुणी बघायचं न्हाय. आग्रह करायचा न्हाय. आमचे व्याही आपलं उरकून आलेले असत्यात." डोळा घातला. पंगत खो खो हसली.

भावजीही हसले. वाढपी आला, चिमूटभर भात आणि वर पळीभर आमटी घालून पुढे गेला. कुणी एवढंच का म्हणालं नाही. कुणी हात धरला नाही. उजवीकडे कुणी पाटील, डावीकडे कुणी पावणं, आणि मधे त्यांचं पान. त्यांनी पहिला घास घेतला, मग मान वर करून दोन्ही बाजूंना बघितलं. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. बदनामी झाली ती झाली, पण तिनं त्यांना पंगतीत जागा करून दिली होती. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. बसल्या जागेवरून वाढप्याला सांगत होते, "त्या कडंच्या पावण्यांला बघा की, पान रिकामं हाय."

त्यांचे चार घास संपेपर्यंत पंगत उठली. लोक हात धुवायला गेले. भावजी तसेच बसून शेवटचा घास चावत होते. तेवढ्यात शालन स्वतःचं पान घेऊन आली आणि त्यांच्या समोर बसली. बाळंतीण ना ती, सासू आतून ओरडली की तुझं आत वाढलंय. ती उठली नाही. बाप-लेक काहीतरी हळू बोलत होते. भावजी तिच्या पानात हात घालून भात सारखा करत होते, आणखी घे म्हणत असावेत. मग आत बाळ रडायला लागलं आणि तिला पान तसंच टाकून जावं लागलं.

आमची गाडीची वेळ झाली. भावजी त्या रात्री तिथंच राहणार होते, पण पुढे नातवाला सोडून त्यांना निघवेना, ते तिकडेच राहिले. त्या उन्हाळ्यातच त्यांचा घास परत अडकायला लागला, तिकडूनच मिरजेला नेलं, आणि तिथंच ते गेले. मला पुन्हा दिसले नाहीत.

मी निरोप घ्यायला गेले तेव्हा सोप्यात पत्रावळ्या गोळा करणारी माणसं आली होती. भावजींनी त्यांना हात करून लांबच ठेवलं होतं. त्यांचं स्वतःचं पान कधीच संपलं होतं. मी म्हटलं, भावजी, उठा की आता, पाठ टेकून बसा जरा. त्यांनी मान हलवली.

"शालन जेवती हाय अजून," म्हणाले.

आतून बाळाचं रडणं येत होतं, ती काही लवकर येणार नव्हती. फाटकातून मी वळून बघितलं. त्या मोकळ्या सोप्यात ते एकटेच ताठ बसले होते आणि लेकीच्या अर्धवट पानावरच्या माश्या हातानं वारत होते.